कोल्हापूर की सोलापूर? दोन तिखट गावांतला फरक आणि शनिवार-रविवारचा बेत

खायला म्हणून दोन दिवस बाहेर पडायचं ठरलं की पुण्या-मुंबईकडच्या घरांत कोल्हापूर आणि सोलापूर ही नावं एका दमात घेतली जातात. दोन्हीकडं तिखट मिळतं, दोन्हीकडं मटण चांगलं, दोन्हीकडं देवीचं मोठं ठाणं हाताशी. एकीकडून चप्पल आणायची, दुसरीकडून चादर. मग ज्या गाडीचं तिकीट मिळेल तिकडं जाऊ, असं ठरतं. मी सोलापूरचा, आणि मला हे पटत नाही. दोन्ही गावं खाण्यासाठीच जावं अशी आहेत, पण एकाचा बेत दुसरीकडं लावला तर दोन्हीकडून निराश होऊन परताल. सोलापुरात उतरून पहिल्याच जेवणाला तांबडा-पांढरा मागणारे पाहुणे इथं नेहमी भेटतात. त्यांना तो मिळतोही. मात्र ज्यासाठी सोलापूरला यायचं, ते त्या ताटात नसतं.

फरक पाण्यापासून सुरू होतो. कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि गगनबावड्याकडचा धो धो पाऊस नद्यांवाटे खाली पंचगंगेत येतो. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणानं भोगावतीचं पाणी अडवलं. अशा पाण्यावर ऊस, भात, वैरण आणि म्हशी उभ्या राहिल्या. म्हणून तिथं गुऱ्हाळं, म्हणून गंगावेशीत समोर धार काढून दिलेलं दूध आणि म्हणूनच ताटात वाट्या भरभरून रस्सा.

सोलापूर त्याच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. पण जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. पावसाळा सरता सरता पेरलेली शाळू ज्वारी त्या साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. मालदांडी हे ज्वारीचं नावाजलेलं वाण आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढं आलं आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. ज्वारीच्या जोडीला करडई, हरभरा, तूर आणि शेंगा, म्हणजे भुईमूग. उजनीचं पाणी आल्यावर जिल्ह्यात ऊस वाढला, साखर कारखाने झाले, पण तोवर घरातलं जेवण ठरून गेलेलं होतं. दुष्काळात दामाजीपंतांनी लोकांसाठी धान्याचं कोठार उघडलं, ते याच मंगळवेढ्यात. जिथं पुढच्या पावसाची खात्री नाही, तिथं टिकतो तो पदार्थ मोठा ठरतो. कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगा पोळी, तिन्ही टिकणाऱ्या.

एवढं ध्यानात आलं की बेत निम्मा झाला. कोल्हापूरचं जेवण तिथं बसून, गरम असतानाच जेवायचं. सोलापूरचं निम्मं जेवण गावात आणि शेतात खायचं आणि निम्मं बरोबर न्यायचं.

तिखट एकच नाही

कोल्हापुरी तिखट मसाल्यातून येतं. उन्हाळ्यात वर्षभराचा कांदा-लसूण मसाला करून ठेवायचा: मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला आणि त्यात कांदा-लसूण. हा मसाला शिजवायचा असतो. मटण शिजवलेलं आळणी पाणी घ्यायचं, त्यात मसाला गेला की तांबडा रस्सा. त्याच पाण्यात नारळाचं दूध आणि तीळ-खसखस-काजूचं वाटण गेलं की पांढरा. एकानं जीभ पेटते, दुसऱ्यानं निवते, आणि जेवणारा दोन वाट्यांमध्ये फिरत राहतो. ओलं खोबरं, चरबी आणि भरपूर पाणी यांत ते तिखट विरघळलेलं असतं, म्हणून कोल्हापूरकर रस्सा पेल्यानं पितात.

सोलापुरी तिखट कोरडं. शेंगदाणे खमंग भाजून, फोलपटं काढून, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ घालून उखळात कुटायचे. कुटता कुटता दाण्यांचं तेल सुटतं आणि तिखट त्या तेलात मुरतं. वरून तेल घालावं लागत नाही. चांगली शेंगा चटणी ओळखायची खूण सोपी आहे. चिमूटभर घेऊन दाबली तर गोळा झाला पाहिजे आणि बोटं तेलकट झाली पाहिजेत. घाईनं मिक्सरमधून काढली की एक तर भुकटी होते, नाहीतर लगदा. दुकानात गेलात तर आधी चाखायला मागा, कोणी नाही म्हणत नाही.

या तिखटावर उतारा नारळाच्या दुधाचा नाही, दह्याचा. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर घट्ट दही, त्यावर चटणी, सोबत कांदा. हे सोलापूरचं खरं ताट, आणि याला कोणतीही भाजी लागत नाही. भाकरी जेवढी पातळ थापता येईल तेवढी थापायची, तव्यावर भाजून मंद आचेवर शेकत शेकत तिच्यातलं सगळं पाणी घालवायचं, की ती पापडासारखी होते आणि कित्येक दिवस राहते. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. एवढी पातळ भाकरी न फाटता उचलणारे हात सोलापुरात घरोघरी आहेत, आणि त्या हातांवर इथल्या कितीतरी बायकांचे संसार चालतात. म्हणून कडक भाकरीच्या भावात घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

रस्सा सोलापुरातही आहे, पण तो शेंगांचा. शेंगा भाजी म्हणजे दाण्याच्या कुटाचा दाट, लालभडक, वर तेलाचा तवंग असलेला रस्सा. त्यात कडक भाकरी चुरून, जरा भिजू देऊन खायची. मांसाहार न करणाऱ्याला कोल्हापूरच्या मटणाच्या ताटात फारसं काही उरत नाही. इथं तोच माणूस राजा असतो. लोकांच्या डोक्यात याच्या नेमकं उलटं असतं. ‘व्हेज कोल्हापुरी’ हा पदार्थ हॉटेलांनी सगळीकडं नेला आणि तिखट म्हणजे कोल्हापुरी असं होऊन बसलं. कोल्हापूरच्या घरांत ती भाजी शोधायला जाऊ नका.

कोल्हापूरचे दोन दिवस

हे थोडक्यात सांगतो, कारण हा बेत सरळ आहे. सकाळी मिसळ, कट वेगळा मागून आणि पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर. अंबाबाईचं दर्शन. दुपारी मटणाचं ताट. संध्याकाळी रंकाळा, खासबागेच्या बाजूला भेळ, रात्री दूध. दुसऱ्या दिवशी पन्हाळा किंवा जोतिबा. थंडीत गेलात तर एखाद्या गुऱ्हाळावर ताजा गूळ. पावसाळ्यात पन्हाळा सुंदर दिसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी पाहूनच निघा. २०१९ च्या पुरात महामार्ग कित्येक दिवस बंद होता.

सोलापूरचे दोन दिवस

इथं बेत आखावा लागतो. कोल्हापुरात गाव एका ताटाभोवती गोळा झालेलं आहे. सोलापुरात एक ताट नाही. गिरण्या आणि मागांमुळं हे गाव वाढलं आणि प्रत्येक समाज आपली चूल घेऊन आला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू इथं एकाच चौकात ऐकू येतात, आणि भाषा बदलली की वास बदलतो. लिंगायत घरांतून शेंगा पोळी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, येते. पूर्व भागात, अशोक चौक-कन्ना चौकाच्या बाजूला, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. तिथल्या स्वयंपाकात चिंच आणि अंबाडीचा आंबटपणा पुढं असतो. मुस्लिम घरांतला दालचा-खाना म्हणजे मटण घातलेली डाळ आणि भात. आणि सावजी खानावळीतलं मटण: काळपट, तेलाचा जाड थर, पहिल्या घासाला कपाळावर घाम. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची ही रीत. नागपूरचं सावजी सगळ्यांना माहीत असतं, सोलापूरचं फार थोड्यांना.

शनिवारी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यातलं मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला पायी पाहून घ्या. ऊन चढायच्या आत पाहिलेलं बरं. दुपारी खानावळीत शेंगा भाजी, कडक भाकरी, दही. मग झोपा, खरंच झोपा, कारण दुपारी सोलापूर रिकामंच असतं. उठल्यावर चादर-टॉवेल बघायचे तर बघा. संध्याकाळी पार्क चौपाटीवर उभ्यानं जे दिसेल ते, आणि रात्री सावजी किंवा दालचा, दोन्हींतलं एकच.

रविवारी मात्र गाव सोडा. इथंच बहुतेकांचा बेत बिघडतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर ही तिन्ही ठिकाणं सोलापूरहून जवळ आहेत, म्हणून तिन्ही एका रविवारात बसवायची धडपड होते आणि दिवसभर गाडीत बसून धाब्यावर जेवण होतं. दर्शनासाठी आलात तर दर्शनाचाच बेत करा, त्याला खाण्याचं नाव देऊ नका. खाण्यासाठी आलात तर एकच ठिकाण निवडा आणि तेही सकाळी उरका.

थंडी असेल तर निवडायची गरजच नाही, थेट शेतावर जा. साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरडा. शाळूची कणसं दुधातून जरा पुढं सरकलेली, पण अजून कोवळी असतात. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, तिच्या आरात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळून दाणे गरम गरम पुढ्यात. सोबत शेंगा चटणी, गूळ, दही, बोरं. सुरती आणि गूळभेंडी ही हुरड्याची मुद्दाम पेरलेली वाणं, दाण्याला गोडी असलेली. हे पुण्यात पाकिटात मिळत नाही. मिळालं तरी तो हुरडा नव्हे, कारण कणीस आगटीतून काढल्यावर काही मिनिटांत त्याची मजा जाते. एवढ्या टिकाऊ पदार्थांच्या मुलुखातला सर्वांत लाडका पदार्थ अजिबात न टिकणारा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला गेलात तर गवताळ माळावर काळवीटही दिसतील.

त्याच दिवसांत मार्गशीर्ष अमावस्येला येळवस येते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात त्या दिवशी घरं रिकामी आणि शेतं भरलेली. शेतातच भज्जी, म्हणजे हिरव्या शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र भाजी, आंबील आणि बाजरीचे उकडलेले उंडे. ही घरची पंगत, हॉटेलात विकत मिळायची नाही. ओळखीत कोणाचं शेत असेल तर आमंत्रण मागून घ्या. मागितल्यावर आमच्याकडं कोणी मागं सरत नाही. करमाळा-बार्शीकडं जाणं झालं तर बाजार आमटी सोडू नका, डाळींची झणझणीत आमटी, भाकरी कुस्करून खायची.

कधी आणि कसं

मार्चनंतर सोलापूरला खाण्यासाठी येऊ नका. पारा चाळिशी ओलांडतो आणि या तिखटाला ते दिवस झेपत नाहीत. तेव्हा कोल्हापूर बरं. जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक बघण्यासारखी, पण खोली आधीच घेऊन ठेवा. कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्यावर चालत जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते आणि आषाढीला पंढरपूरकडं. त्या दिवसांत गाडीनं त्या बाजूला जायचं टाळा. कोल्हापूरला नवरात्रात हीच गत. मटणासाठी जाणाऱ्यांनी श्रावण टाळावा आणि घरात कोणी शनिवार पाळत असेल तर ते ताट रविवारी दुपारी ठेवावं.

सोलापूरला रेल्वेनं येणं सोपं आहे, मुंबई-चेन्नई मार्गावर असल्यानं गाड्या भरपूर. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. तिचं नाव १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांची आठवण आहे. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर, किंवा २०२३ पासून धावणारी वंदे भारत. वंदे भारत मुंबईहून दुपारनंतर निघते आणि सोलापूरहून पहाटे, त्यामुळं शुक्रवारी येताना ती उत्तम आणि रविवारी रात्री परतताना सिद्धेश्वर. कोल्हापूरला मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. पुण्याहून रस्ता सरळ असल्यानं बहुतेक लोक मोटारीनंच जातात.

दोन्ही गावं एकाच शनिवार-रविवारात करायची असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तीन-चार दिवस असतील तर मात्र रस्ता छान आहे: कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर. आधी कोल्हापूर आणि मग सोलापूर, याच क्रमानं, कारण खरेदी शेवटी यावी. मंगळवेढ्यात ज्वारी घ्या. शेंगा चटणी स्टीलच्या डब्यात भरा, कागदाच्या पुड्यातून तेल बाहेर येतं आणि शेजारच्या नव्या चादरीला लागतं. कडक भाकऱ्या खोक्यात, उभ्या न ठेवता आडव्या, आणि खोकं सीटखाली न सरकवता वर.