सेकंड सोर्स (मायक्रोप्रोसेसर)

एका कंपनीचा मायक्रोप्रोसेसर दुसऱ्या कंपनीने त्याच पिनरचनेत आणि त्याच सूचनासंचासह (चिपला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीसह) बनवून विकण्याच्या प्रथेला सेकंड सोर्स म्हणतात. १९७०च्या दशकात ती जवळपास सक्तीची होती. ही सक्ती सरकारची नव्हे, गिऱ्हाइकाची. तेव्हा एका वेफरमधून (ज्यावर अनेक चिप एकदम बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीतून) किती चिप धड निघतील याचा नेम नसे. त्यामुळे एकाच कारखान्याच्या भरवशावर यंत्राचा आराखडा पक्का करायला मोठे खरेदीदार धजत नसत. मग मूळ कंपनीच प्रतिस्पर्ध्याला परवाना देई. सगळेच मात्र परवाना घेऊन आले नाहीत.

इंटेलच्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरची नॅशनल सेमीकंडक्टरने, तर ८००८ची कॅनडाच्या मायक्रोसिस्टम्स इंटरनॅशनलने निर्मिती केली. खरी गर्दी झाली ती १९७४च्या ८०८०भोवती. झेरॉक्समधून बाहेर पडणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७३ मध्ये या चिपच्या बाजारात येण्यापूर्वीच्या नमुन्याची छायाचित्रे घेतली, त्यांवरून सर्किट उलगडले आणि ते एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे नेले. त्यातून १९७५ मध्ये एएम९०८० आली. इंटेलशी परस्पर परवान्याचा करार झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे आधी नक्कल आणि मग रीतसर कागदपत्रे!

जपानच्या एनईसीची ८०८०ए तर मूळ चिपपेक्षा थोडी हुशार निघाली. दशमान बेरजेनंतर निकाल सुधारणारी डीएए ही सूचना इंटेलच्या चिपमध्ये वजाबाकीनंतर चालत नसे, एनईसीच्या चिपमध्ये चाले. पण गिऱ्हाइकाला हुबेहूब चिप हवी होती. इंटेलच्या वर्तनावर विसंबलेला प्रोग्रॅम इथे वेगळे उत्तर देऊ शके, म्हणून पुढच्या ८०८०एएफमध्ये एनईसीने ही सुधारणा काढून टाकली.

झायलॉगची झेड८० (१९७६) ही वेगळी गोष्ट. सुरुवातीला झायलॉगकडे स्वतःचा कारखानाच नव्हता. पहिल्या चिप मॉस्टेकने बनवल्या आणि मोबदल्यात सेकंड सोर्सचा हक्क मिळवला. नक्कल होणार हे ओळखून झेड८०चे अभियंते मासातोशी शिमा यांनी आराखड्यात सापळे पेरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे ट्रान्झिस्टर एका प्रकारचे दिसत, पण आयन रोपणातील (सिलिकॉनमध्ये भारित अणू घुसवण्याच्या प्रक्रियेतील) फरकामुळे वागत दुसऱ्याच प्रकारे. छायाचित्रांवरून नक्कल करणारा तिथेच फसे. एनईसीने नक्कल केलीच, पण या सापळ्यांनी तिचा वेळ खाल्ला, असे शिमा यांनी पुढे सांगितले. पूर्व जर्मनीची यू८८० ही तर झेड८०ची विनापरवाना नक्कलच होती.

मोटोरोलाची ६८०० हिताची आणि एएमआयकडून, तर एमओएसची ६५०२ सिनरटेक आणि रॉकवेलकडूनही मिळे.

आयबीएमने १९८१च्या पीसीसाठी ८०८८ निवडली आणि दुसरा पुरवठादार हवाच असा आग्रह धरला. १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला तो याच दबावातून. १९८५ मध्ये ८०३८६ आली तोवर पारडे फिरले होते. उत्पादन बरेच भरवशाचे झाले होते आणि पीसीचे सॉफ्टवेअर इंटेलच्या सूचनासंचाला बांधले गेले होते. इंटेलने ३८६चा आराखडा एएमडीला द्यायला नकार दिला, आणि प्रकरण लवादाकडे गेले. तो वाद चालू असतानाच १९९१ मध्ये एएमडीने एएम३८६ बाजारात आणली. तिचा कमाल वेग ४० मेगाहर्ट्झ होता. इंटेलची ३८६ ३३वरच थांबली होती.