सॉफ्ट रॉक की हार्ड रॉक, वाद नेमका कुठून आला

मातीचं वर्गीकरण तसं लवकर मार्गी लागलं. १९११ मधे एका स्वीडिश शास्त्रज्ञाने माती किती पाण्याला वाहते आणि किती पाण्याला भुगा होते याच्या मर्यादा मांडल्या, पुढे दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्या भराभर करायच्या होत्या म्हणून अमेरिकेत त्यावरून गट पाडले आणि १९५२ ला तेच गट धरणं, पाये सगळ्याला लागू झाले. मातीच्या वर्गीकरणाचं आपलं भारतीय मानक, आयएस १४९८, आलं १९५९ ला, आणि १९७० च्या आवृत्तीत लिक्विड लिमिट (माती वाहू लागते तेवढं पाण्याचं प्रमाण) ३५ ते ५० टक्के असा मधला गट आहे जो अमेरिकन पद्धतीत नाही. फार विचार करून केलेलं काम आहे ते. काळी माती लॅबला दिली की बहुतेक वेळा सीएच, म्हणजे जास्त लिक्विड लिमिटची चिकणमाती, येते, त्यावर कोणी भांडत नाही.

भांडण होतं खोदकामाच्या बिलावर. कारण तिथे वर्ग ठरला हत्यारावरून. टिकाव-फावड्याने निघाला तर माती किंवा मुरूम, पहार आणि घण लागला तर सॉफ्ट रॉक, सुरुंग लावावा लागला तर हार्ड रॉक. सगळं हाताने खोदायचे तेव्हा हे रास्तच होतं, दर म्हणजे मुख्यतः मजुरीच होती. मग पोकलेन आले, त्याला खडक फोडणारे ब्रेकर लागले, वस्तीत सुरुंगाला परवानगी मिळेना, पण व्याख्या तीच राहिली. आता ब्रेकरने फोडलेला खडक कशात धरायचा? सुरुंग लागला नाही ना मग सॉफ्ट, असं बिल तपासणारा म्हणतो, आणि सुरुंगाला बंदी होती म्हणून ब्रेकर लावला नाहीतर लागलाच असता, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, आणि मला तरी कॉन्ट्रॅक्टरचंच पटतं. सुरुंगबंदी असलेला हार्ड रॉक असा वेगळा वर्ग मानकात आहे, पण टेंडरमधे तो आयटमच घेतलेला नसेल तर ज्युनियर इंजिनियरने एमबीत, म्हणजे बिलासाठीच्या मोजमाप वहीत, काय लिहायचं.

दख्खनच्या बेसाल्टमधे तर हे आणखी अडतं. काळा पाषाण हातात घेतला तर अतिशय कठीण, पण त्याला सांधे इतके असतात की कधी कधी पहारेनेच ढलपे सुटतात. उलट पांढऱ्या खनिजांचे ठिपके असलेला बेसाल्ट त्यामानाने मऊ, पण सांधे जवळजवळ नाहीत, त्यामुळे ब्रेकरच्या छिन्नीला धरायला फटच मिळत नाही आणि काम रेंगाळतं. म्हणजे तुकड्याची ताकद वेगळी आणि अखंड खडकाची वागणूक वेगळी. ही वागणूक मोजायला १९६० च्या दशकात आरक्यूडी आलं, बोअर घेऊन काढलेल्या खडकाच्या नळकांड्याचे (कोअरचे) १० सेंमी पेक्षा लांब तुकडे मोजायचे, मग १९७३ ला आरएमआर आणि १९७४ ला क्यू या अखंड खडकाला गुण देण्याच्या पद्धती आल्या, यात सांध्यांचं अंतर, त्यांचा खडबडीतपणा, पाणी हे सगळं मोजलं जातं. बोगद्याच्या कामात हे आता रोजचं आहे. पायाच्या आणि पाइपलाइनच्या खोदकामात मात्र बोअर लॉग (बोअरमधे किती खोलीवर काय लागलं याची नोंद) फाइलला असतो आणि वर्ग ठरतो खड्ड्याच्या काठावर उभं राहून, तोही खडक निघून गेल्यावर.

अलीकडे यावर उपाय म्हणून बऱ्याच टेंडरमधे सर्व प्रकारच्या स्ट्राटाला, म्हणजे माती-मुरूम-खडक काहीही लागलं तरी, एकच दर देतात. वाद मिटतो खरा, पण खाली काय लागेल याची सगळी जोखीम कॉन्ट्रॅक्टरवर जाते, तो ती दरात धरतो, आणि खाली नुसता मुरूम निघाला तरी पैसे खडकाचेच जातात.