आरोग्य संशोधन क्षमताबांधणी

विकसनशील देशांना आपल्या आरोग्याचे प्रश्न स्वतः निवडून त्यांचा शोध घेता यावा, यासाठी परदेशी संस्थांच्या सहकार्याने संशोधक, प्रयोगशाळा आणि संस्था घडवण्याची दीर्घ प्रक्रिया. उष्ण कटिबंधातील रोगांवरील संशोधन व प्रशिक्षणाचा विशेष कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटनेत १९७५ साली सुरू झाला. पण विषमता आकड्यांत मांडली ती ‘विकासासाठी आरोग्य संशोधन’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय आयोगाने, १९९० मध्ये: टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा ९३ टक्के भार विकसनशील जगावर, आणि त्याच्या प्रश्नांवर आरोग्य संशोधनाचा जेमतेम ५ टक्के खर्च.

केवळ शिष्यवृत्त्या देऊन क्षमता वाढत नाही. डॉक्टरेट करून परतलेल्या संशोधकाला पद, अनुदान आणि चालू उपकरणे मिळाली नाहीत, तर तो पुन्हा परदेशाची वाट धरतो. संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती, हिशेब विभाग, नमुन्यांचे शीतगृह, वीज गेल्यावर ते थंड ठेवणारा जनरेटर आणि तो दुरुस्त करणारा तंत्रज्ञ यांवर देणगीदार सहसा खर्च करत नाहीत, पण संस्था टिकते ती यांच्याच जोरावर. रक्ताचे नमुने परदेशी पाठवायचे, विश्लेषण तिकडेच करायचे आणि स्थानिक सहकाऱ्याचे नाव लेखकांच्या यादीत मध्येच कुठेतरी टाकायचे, या पद्धतीला ‘पॅराशूट संशोधन’ म्हणतात. यात सहकार्य नावापुरतेच असते.

याउलट टांझानियातील इफाकारा. किलोम्बेरो खोऱ्यातल्या या गावात स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ गायगी यांच्या पुढाकाराने १९५७ साली स्विस उष्ण कटिबंधीय संस्थेची क्षेत्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. १९९६ मध्ये तिचे स्वतंत्र टांझानियन न्यासात रूपांतर झाले. सुमारे चार दशके लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पांतून असे हस्तांतरण साधत नाही. याच संस्थेने कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचा मोठा प्रयोग त्या खोऱ्यात केला, आणि हिवतापावरील आरटीएस,एस लशीच्या चाचण्यांतही ती सहभागी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्या लशीची शिफारस केली.

निधी कोणाचा, यावर विषय कोण ठरवणार हे बरेचसे अवलंबून असते. युरोप आणि आफ्रिकेतील देशांची चिकित्साविषयक चाचण्यांसाठीची (म्हणजे औषधे व लशी माणसांवर तपासून पाहण्यासाठीची) भागीदारी २००३ मध्ये सुरू झाली. पुढच्या टप्प्यात आफ्रिकी देशही तिच्या कारभारात सहभागी झाले. राष्ट्रीय आरोग्यखर्चाचे किमान २ टक्के संशोधनाला द्यावेत, ही १९९० च्या आयोगाची शिफारस मालीची राजधानी बामाको येथे २००८ मध्ये भरलेल्या आरोग्य संशोधन परिषदेत पुन्हा मांडावी लागली.