बर्फावरचा कीपर आणि टर्फवरचा कीपर

‘अनुभवी हॉकी गोलरक्षक शेवटचे हंगाम खेळायला गावी परतला.’ अशी बातमी फोनवर आली की साताऱ्या-फलटणकडच्या वाचकाला आधी आठवतो भारताचा गोलरक्षक श्रीजेश. मग फोटो उघडतो. तोंडावर जाळी, पायात स्केट्स, मागे काचेची भिंत. प्रकरण निराळंच निघतं. कॅनडा-अमेरिकेत नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की आइस हॉकीच समजतात. आपल्या जिल्ह्यात बर्फ म्हणजे थंडीत वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपावर गोठलेलं दव, तेव्हा घोटाळा व्हायचाच.

दोघेही गोलरक्षक, दोघांच्याही अंगावर ओझं. पण कामात फरक पडतो तो गोलच्या मापापासूनच. टर्फवरचा, म्हणजे आपल्या मैदानी हॉकीचा, गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. बर्फावरचा १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. म्हणजे आपल्या कीपरला जवळपास साडेतीनपट जागा सांभाळायची असते. बर्फावरचा कीपर गुडघे टेकून पाय दोन्ही बाजूंना पसरतो आणि गोलचा खालचा भाग जवळजवळ बुजवूनच टाकतो. टर्फवर तसं बसून भागत नाही, तिथं झेप घ्यावीच लागते.

चेंडूऐवजी तिकडे पक असतो. कडक रबराची चकती, व्यास साडेसात सेंटिमीटर, जाडी अडीच. बर्फावर उसळी मारू नये म्हणून सामन्याआधी तो गोठवून ठेवतात. वजनाला मात्र तो आपल्या चेंडूच्या आसपासच भरतो, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या दरम्यान.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकते. आइस हॉकीत गोलच्या मागेही खेळ चालू असतो. गोल शेवटच्या भिंतीला चिकटून नसतो, बराच पुढे असतो. खेळाडू पक घेऊन मागून वळसा घालतो, आणि कीपरला मान वळवून एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकावं लागतं. आपल्याकडे गोल बॅकलाइनवरच उभा. चेंडू मागे गेला की खेळ थांबला. शिवाय आपल्याकडे गोल करायचा तर गोलसमोर आखलेल्या १४.६३ मीटरच्या अर्धगोलात, म्हणजे डी मध्येच, चेंडूला स्टिक लागली पाहिजे. बर्फावर तशी अट नाही, लांबून मारलेला पकही आत गेला तर गोल.

खरा फरक हातात आहे. फलटणकडची एक शाळकरी कीपर मोबाइलवर आइस हॉकीची क्लिप बघत होती. ती म्हणाली, ‘‘सर, यानं तर धरूनच ठेवला की! शिट्टी कशी नाही वाजली?’’ सर म्हणाले, ‘‘वाजली की. पण फाऊलची नाही वाजली.’’

बर्फावरच्या कीपरच्या एका हातात झेलायचा खोलगट ग्लोव्ह असतो, दुसऱ्यात स्टिक आणि चपटा ब्लॉकर. समोरचे अंगावर आले की पक झेलायचा किंवा ग्लोव्हखाली दाबून ठेवायचा, हा त्याचा हक्कच. पंच शिट्टी वाजवतो आणि फेसऑफने, म्हणजे दोन संघांच्या खेळाडूंमध्ये पक टाकून, खेळ पुन्हा सुरू होतो. दमलेल्या संघाला श्वास घ्यायला तेवढं पुरतं. टर्फवर हेच केलं तर गुन्हा. आपल्या कीपरच्या हातातलं फोमचं जाड पॅड झेलण्यासाठी नसतंच, चेंडू अडवून बाजूला काढण्यासाठी असतं. चेंडू धरला किंवा त्याच्यावर अंग टाकून पडून राहिला, तर समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर, वेळप्रसंगी पेनल्टी स्ट्रोक म्हणजे फक्त कीपरसमोरून थेट फटकाही. म्हणून टर्फवर पहिला बचाव झाला की काम संपत नाही. अडवलेला चेंडू उसळून (रिबाउंड) कुठे जाणार हे त्याच क्षणी ठरवावं लागतं, आणि ते किकरने, म्हणजे बुटांवरच्या जाड पॅडने, जास्त चांगलं साधतं. पायाने चेंडू मारायची ही सवलतही डी पुरतीच. डी च्या बाहेर आला की त्याच्याकडे फक्त स्टिक उरते. माझ्या मते टर्फवरचं काम जास्त कठीण आहे, पण बर्फावर हॉकी खेळणाऱ्या लडाखमधल्या कोणाला विचारलं तर उत्तर वेगळं मिळेल.

आता ‘गावी परतला’ याविषयी. इथंही दोन्हीकडचे अर्थ जुळत नाहीत. आइस हॉकीत क्लबचा कारभार पक्का. मुलगा गावच्या क्लबात वाढतो, अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये जातो आणि वय झालं की एखाद्या हंगामाचा करार करून जुन्या क्लबात येतो. डॉमिनिक हाशेक हे ठळक उदाहरण. चेक प्रजासत्ताकातल्या पार्दुबित्सेचा हा कीपर सोळाव्या वर्षी गावच्या क्लबाकडून खेळू लागला. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीच्या शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी एकेका खेळाडूने कीपरसमोर एकट्याने करायच्या प्रयत्नांत, त्याने कॅनडाचे पाचही प्रयत्न अडवले आणि पुढे देशाला सुवर्ण मिळालं. २००८मध्ये एनएचएल सोडलं. पुढच्या वर्षी तो पार्दुबित्सेला परतला आणि २०१०मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्लबाला चेक लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. तरी त्याची हौस फिटली नाही. त्यानंतर तो एक हंगाम मॉस्कोत खेळला!

आपल्याकडे परतायला असा क्लबच नसतो. हॉकीपटू रेल्वे, सेनादल, पेट्रोलियम कंपन्या अशा नोकरीच्या संघांत वाढतो, आणि कारकीर्दीचा कळस म्हणजे भारताची जर्सी. श्रीजेश केरळचा. पॅरिस २०२४मध्ये उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध भारत बराच वेळ दहा जणांनिशी खेळला, शूटआउट ४-२ने जिंकला, आणि कांस्यपदक घेऊन छत्तिसाव्या वर्षी श्रीजेश थांबला. त्याचा सोळा नंबर हॉकी इंडियाने निवृत्त केला आणि तो ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक झाला. गावच्या संघाकडून निरोपाचा हंगाम वगैरे काही नाही.

हा फरक सातारकरांच्या जवळचा आहे. एकट्या फलटण तालुक्याने भारतीय महिला हॉकीला बचावात अक्षता ढेकळे, मधल्या फळीत वैष्णवी फाळके आणि आघाडीला ऋतुजा पिसाळ दिली. तिघींत कीपर एकही नाही. उद्या इथली एखादी मुलगी भारताच्या गोलमध्ये उभी राहिली, तरी शेवटचा हंगाम तालुक्याच्या क्लबाकडून खेळायची सोय तिला सध्या तरी नाही.

बातमी कुठल्या हॉकीची हे मजकुरातूनच कळतं. ‘सेव्ह परसेंटेज’ (कीपरने अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी) आणि ‘पिरियड’ (सामन्याचा एक भाग) दिसले की बर्फ समजावं. ‘पेनल्टी कॉर्नर’ किंवा ‘ड्रॅगफ्लिक’ (स्टिकने ओढून चेंडू गोलकडे फेकायचा फटका) आलं की टर्फ. आणि ‘घरच्या क्लबाशी एका वर्षाचा करार’ असं असेल, तर फोटो उघडायचीही गरज नाही.