सायकलच्या हबमध्ये कोणतं ग्रीस भरावं?

आमच्या काउंटरवर हमखास येणारी मागणी: "हाय टेंपरेचरवालं ग्रीस द्या." आहे आमच्याकडे, पण हबसाठी (चाकाच्या मधला, आसाभोवती फिरणारा भाग) ते घेऊ नका. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल चालवली तरी मोठ्या आकाराचं चाक मिनिटाला जेमतेम २०० वेळा फिरतं. एवढ्याने बेअरिंग तापत नाही. मोटारीच्या चाकाला ब्रेकची धग लागते, म्हणून तिथे ते ग्रीस लागतं. सायकलच्या हबचे वैरी म्हणजे पाणी आणि धूळ. डबीवर २५० अंश छापलंय म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

डबीवर काय बघायचं

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. हा साबण स्पंजासारखं काम करतो: बेअरिंगमधले छर्रे (पोलादी गोळ्या) फिरतील तसं थोडं थोडं तेल सोडतो. तो लिथियमचा आहे की कॅल्शियमचा, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे घट्टपणाचा नंबर. तो ०००, म्हणजे जवळपास ओघळणारं, इथपासून ६ म्हणजे वडीसारखं कडक, इथपर्यंत असतो. हबला २ नंबर घ्या. मोटार स्पेअर्सच्या दुकानात एपी-३, एमपी-३ अशा नावांनी मिळणारं ग्रीस बहुधा ३ नंबरचं असतं. दूध, पेपर टाकणाऱ्या जुन्या दणकट सायकलींना ते चालतं. हलक्या गिअरच्या सायकलीत मात्र चाक हाताने फिरवलं की जरा जड लागतं. रंगावर जाऊ नका. निळं, लाल, हिरवं हा नुसता रंग असतो, त्यावरून दर्जा कळत नाही.

रोजच्या शहरातल्या वापराला लिथियमचं २ नंबर ग्रीस पुरतं. तुम्ही भर पावसात ताम्हिणी उतरत असाल किंवा मुठेला पाणी सोडलेलं असताना भिडे पुलाच्या आसपास गुडघाभर पाण्यातून सायकल काढत असाल, तर कॅल्शियमचं घ्या. ते पाण्याने सहज धुऊन जात नाही. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्यांना, म्हणजे फेरीबोटी आणि वाळूतून सायकल ढकलणं आलंच, आम्ही कॅल्शियम सल्फोनेटचं 'मरीन' ग्रीस सुचवतो. खाऱ्या पाण्याने येणारा गंज ते चांगला रोखतं. महाग आहे, पण दोन्ही चाकांना मिळून लागतं ते चमचा-दोन चमचेच.

काळं ग्रॅफाइट ग्रीस ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी असतं. ते छर्‍यांत भरू नका, कुणी फुकट दिलं तरी.

भरण्याआधी

जुन्यावर नवं थापू नका. आत आधी कोणतं ग्रीस आहे ते बघून कळत नाही, आणि काही साबणांचं एकमेकांशी पटत नाही. लिथियममध्ये पॉलियुरियाचं (यात तेल धरायला साबणाऐवजी दुसरा पदार्थ असतो) मिसळलं की बऱ्याचदा ते पातळ होऊन वाहतं. कोन (आसावरचे शंकूसारखे नट, ज्यांवरून छर्रे पळतात) सोडवा, छर्रे काढा, सगळं डिझेलमध्ये धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोल वापरू नका. बंद खोलीत तर मुळीच नको.

धुण्याआधी जुनं ग्रीस बोटावर घेऊन जरूर बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तांबूस झाक असेल तर गंज सुरू झालाय. मग धुतलेल्या कोनवरून नख फिरवा. छर्रे जिथून पळतात तिथे नुसता चकचकीत पट्टा असेल तर ठीक. नख अडकलं तर कोन बदलावाच लागेल, कितीही भारी ग्रीस घातलं तरी ती खरखर जाणार नाही. छर्रे मात्र स्वस्त असतात, ते सगळेच बदला. बहुतेक सायकलींना पुढे ३/१६ इंची, एका बाजूला १०, आणि मागे १/४ इंची, एका बाजूला ९ लागतात. तरी आपले मोजून घ्या.

कपात (हबमधली छर्रे बसायची वाटी) ग्रीस सढळ हाताने भरा. छर्रे त्यातच चिकटून बसतात, चाक उलटं केलं तरी पडत नाहीत. जास्तीचं बाहेर येईल, ते पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसते.

इथे हे ग्रीस नको

फ्रीव्हीलमध्ये आणि फ्रीहबच्या (मागच्या हबचा गिअरची चक्रं बसणारा भाग) कुत्र्यांवर (ती टकटक करणारी खिटी) घट्ट ग्रीस गेलं तर त्या चिकटतात आणि पेडल रिकामंच फिरतं. तिथे पातळ तेल किंवा फ्रीहबचं खास हलकं ग्रीस. चेनला ग्रीस लावणाऱ्यांची चेन आम्ही रोज धुतो, त्यामुळे त्याबद्दल वेगळं सांगत नाही. डिस्क ब्रेकच्या चकतीला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

तुमच्या हबमध्ये सीलबंद बेअरिंग असेल (त्यावर ६९०२-२आरएस असा काहीतरी नंबर दिसेल) तर त्यात ग्रीस कारखान्यातूनच भरलेलं असतं. खरखरायला लागलं की बेअरिंगच बदलतात. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याचा फवारा हबवर धरला की ही बेअरिंगही जातात.

पावसात चालवलेली सायकल खंडेनवमीला हार घालण्याआधी ओव्हरऑइलिंगला (सगळं खोलून, धुऊन, नवं ग्रीस भरायला) आणा. तोपर्यंत थांबू नये अशी एक खूण आहे: चाक उचलून फिरवल्यावर चिमट्याला (चाक धरणारे दोन दांडे) हात लावला आणि हाताला करकर जाणवली, तर त्याच आठवड्यात या. काढलेले कोन-छर्रे आम्ही पुडीत बांधून परत देतो.