पीळ दिलेल्या तारा

मंचावरचा स्टेजबॉक्स (माइकच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी) आणि प्रेक्षकांमागचा मिक्सर आज एका बारीक नेटवर्क केबलने जोडता येतात. एकेकाळी याच कामाला हाताच्या मनगटाएवढा जाड मल्टीकोर, म्हणजे अनेक तारांचा एकत्र जुडगा, ओढावा लागे. ही बारीक केबल संगणकाकडून उसनी आणली असं बहुतेकांना वाटतं, पण तिच्यातली मूळ कल्पना आवाजासाठीच जन्मली.

टेलिफोनच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८१ मध्ये मिळालं. बाहेरचा गोंगाट पिळातल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो. पलीकडे दोघींमधला फरक तेवढा घेतला की तो गळून पडतो. माइकची बॅलन्स्ड केबल आजही याच तत्त्वावर चालते. संगणक एकमेकांना जोडणारं इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत आकाराला आलं ते कोॲक्स केबलवर, म्हणजे मधल्या तारेभोवती धातूचं आवरण असलेल्या केबलवर. १९९० च्या १०बेस-टी मानकाने त्याला टेलिफोनसारख्या पिळाच्या जोड्यांवर आणलं. मग नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या पद्धतींमधून आवाजही तिथे परतला: नव्वदच्या दशकात कोब्रानेट, २००६ मध्ये स्थापन झालेल्या ऑडिनेटचं डान्टे, आणि निरनिराळ्या यंत्रणांची सांगड घालणारं २०१३ चं एईएस६७ हे मानक.

केबल निवडताना आकड्यांना भुलू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक चॅनल सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट घेतो. ६४ चॅनल धरले तरी ७४ च्या आसपास. गिगाबिट पेलणारी कॅट ५ई दर्जाची केबल त्याला पुरून उरते. त्याहून वरच्या दर्जाची कॅट ६ए घेतल्याने आवाज गोड होत नाही, कारण डेटा एक तर नीट पोचतो, नाही तर तुटतो.

खरा फरक धातूत आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त आणि ती लवकर तुटते. शुद्ध तांबंच घ्यावं. भिंतीत कायमची टाकायची तर एकसंध तारेची, रोज गुंडाळायची तर बारीक तारांच्या जुडग्याची. इथरनेटच्या तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, आणि ती मुख्यतः एकसंध तार धरून आहे. जुडग्याच्या केबलमध्ये सिग्नल जास्त क्षीण होतो, म्हणून तिथे अंतर कमीच ठेवावं.

एईएस५० या आवाज नेणाऱ्या आणखी एका पद्धतीबाबत मात्र सावध राहावं. तेही याच केबलवरून धावतं, पण ते इथरनेट नेटवर्क नाही. मध्ये साधा नेटवर्क स्विच लावला तर चालत नाही. तिथे उपकरणाच्या निर्मात्याने शील्ड (तारांभोवती धातूचं आवरण) असलेली केबल सांगितली असेल तर तीच वापरावी, आणि शील्ड दोन्ही टोकांच्या कनेक्टरच्या धातूला जोडलेलं आहे ना, हे केबल पसरण्यापूर्वी तपासावं.