डोपामिनचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तो निरोप पुन्हा फिरला: गेम खेळणाऱ्या मुलांच्या मेंदूत डोपामिन नावाचं विष साठतं, म्हणून त्यांना आठवडाभर ‘डोपामिन उपवास’ घडवा. अहो, डोपामिन हे मेंदूतल्या चेतापेशींचे संदेश पोचवणारं रसायन आहे; ते कमी पडलं तर हात हलवणंही जड जातं. पार्किन्सनच्या रुग्णांचं तेच होतं. मुलांची काळजी मलाही वाटते, पण भलत्याच गोष्टीला दोष देऊन ती मिटणार नाही.

१९९८ साली लंडनमध्ये ८ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचा पीईटी स्कॅन (मेंदूतल्या रसायनांचा माग काढणारी तपासणी) काढला, तेव्हा डोपामिन वाढल्याचं दिसलं. एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. ते नेमकं कशासाठी वाढतं, हे मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांनी सांगितलं.

माकडाला खूण दिसायची आणि थोड्या वेळानं फळाचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळताच डोपामिनच्या चेतापेशी उसळत. सवय झाल्यावर त्या खूण दिसताच उसळू लागल्या आणि रस मिळाला तरी शांत राहू लागल्या. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्यांचे संदेश नेहमीपेक्षाही कमी होत. म्हणजे या पेशी मिळालेल्यातून अपेक्षित वजा करत होत्या. १० अपेक्षित असताना १० मिळाले तर बाकी शून्य, १५ मिळाले तर अधिक ५, काहीच नाही तर उणे १०. या बाकीनुसार चेतापेशींमधले जोड घट्ट किंवा सैल होतात आणि पुढची अपेक्षा बदलते. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी रचलेल्या एका गणिताशी हे जुळतं, असं शुल्त्झ यांनी डायान आणि माँटेग्यू या संशोधकांसोबत १९९७ मध्ये दाखवलं. मला आजही याचं नवल वाटतं.

गेममधली अवघड उडी सरावानं सोपी झाली की बाकी शून्याकडे जाते, आणि मूल पुढची पातळी शोधतं. लूट बॉक्समध्ये, म्हणजे गेममधल्या बक्षिसांच्या बंद पेटीत, काय निघेल ते मात्र नशिबावर असतं. कितीही पेट्या उघडल्या तरी अंदाज बांधता येत नाही, म्हणून बाकी कधीच मिटत नाही. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे मोजून घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते मला पटतं.

फायदेही आहेत. ग्रीन आणि बाव्हेलिए या संशोधकांच्या २००३ च्या प्रयोगात रोज १ तास, १० दिवस ॲक्शन गेम खेळलेल्यांचं नजरेचं अवधान सुधारलं; ठोकळे रचायचा टेट्रिस खेळलेल्यांचं तेवढं नाही. त्यावरून गणितात गुण वाढतील असं कुणी जाहिरातीत सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या व्याख्येत रोजचे तास नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही थांबता न येणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, असे निकष आहेत.

मागच्या रविवारी भाच्याच्या शेजारी बसून तासभर त्याचा खेळ पाहिला. उडी जमली तेव्हा तो ओरडला, ती कशी मारायची ते मला शिकवू लागला. पेट्या उघडताना मात्र एक शब्द बोलला नाही. एक उघडली, लगेच दुसरी.